आप्पांच्या वाट्याची जागा

गणपती उठले की सुरतेत सीझन लागतो. पंचांगात हा ऋतू नाही, पण भेस्तानच्या आमच्या गल्लीत तो पंचांगापेक्षा वेळेवर येतो. जिन्यात साड्यांची पोटली दिसायला लागतात, टेम्पोवाले अरुंद बोळात उलटे घुसतात आणि रंगाच्या कारखान्यांकडून वारा आला की खळीचा आंबूस वास थेट भाताच्या वाफेत मिसळतो. दिवाळीपर्यंत या शहरात कोणी धड जेवत नाही. माझं काम तर खुर्चीत बसून करायचं, तरी या दिवसांत मला स्वस्थ बसवत नाही. उगाच उठते, पाणी पिते, परत येते, आणि हात आपोआप पडद्यावर 'टॉप' असं टाइप करतात.

टॉप ही लिनक्सवरची एक आज्ञा. मशीनवर कोणकोणते प्रोग्राम चालले आहेत आणि कोण किती मेमरी अडवून बसलाय, हे ती दाखवते. दर दोन-चार सेकंदांनी यादी हलते, वरचा खाली जातो, खालचा वर येतो. इच्छापोरला साड्यांवर छपाई करणाऱ्या एका कारखान्यात मी सर्व्हर सांभाळते. सांभाळते म्हणजे काय, तर ही यादी बघत बसते आणि काही बिघडलं की सगळे माझ्याकडे बघतात. वहिनी म्हणते, ताईंची नोकरी म्हणजे दुधावर लक्ष ठेवण्याची. दूध उतू गेलं तरच कळतं की कोणीतरी बसलं होतं.

सीझन दरवर्षी येतो. पण मला आठवतो तो एकच, धनू वहिनीच्या पोटात होती तो. त्या सीझनला आमच्या घरी एकच प्रश्न होता: आप्पांनी इथं राहायचं की गावी जायचं. आणि कारखान्यातही तेव्हा नेमका तसलाच प्रश्न माझ्या टेबलावर पडला होता. मी दिवसा एक सोडवत होते आणि घरी येऊन दुसऱ्यात अडकत होते.

आप्पा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. शिरपूर तालुक्यातून सगळ्यांत आधी सुरतेला आले ते तेच. सगळा जन्म मागावर गेला. काकू फार लवकर गेली, मूलबाळ नाही. वडील वारल्यावर भाऊचं आणि माझं शिक्षण त्यांनीच केलं, पण ते कधी बोलून दाखवायचे नाहीत. बोलून दाखवायचे ते भलतंच. मागाच्या खटखटाटाने कान गेलेले, त्यामुळे साधं 'चहा दे' म्हटलं तरी शेजारच्या इमारतीतून कोणीतरी डोकवायचं. टीव्ही लावला की खिडकीच्या काचा थरथरायच्या. घर दोन खोल्यांचं, पुढे गॅलरी. त्यात आई, भाऊ, वहिनी, मी आणि आप्पा. आणि आता पाळणा यायचा होता.

कारखान्यात त्या वर्षी दुपार झाली की मशीन गुदमरायचं. सकाळी पळायचं, जेवणाच्या सुमारास रांगायला लागायचं, आणि मग एखादा प्रोग्राम आपोआप मरायचा. आपोआप नव्हे; मेमरी अगदीच संपली की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतःच एकाला निवडतो आणि संपवतो, म्हणजे बाकीचे जगतील. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मशीनला भावना कुठल्या. आता मात्र नोंदींत 'किल्ड' हा शब्द दिसला की मी मान वळवते.

आमच्याकडे हिशेबाचं बघतात ते जिग्नेशभाई. मालकाचे भाचे, माणूस मनाने चांगला, पण आकडा दिसला की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी माझ्या पडद्यावरचा 'रेस' हा रकाना उतरवून घेतला आणि खाली बेरीज मारली. मग चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे आले.

"मनीषाबेन, आ टोटल तो मशीन करतां वधी गयुं."

मशीनमध्ये जेवढी मेमरी आहे त्यापेक्षा प्रोग्रामांनी खाल्लेली जास्त. हे कसं होईल? जिग्नेशभाईंचा निकाल तयार होता. यादीत वर जो मालाच्या साठ्याचा जुना प्रोग्राम बसलाय, एकटा नाही, आपली दहा पिल्लं, म्हणजे त्याच्याच दहा चालू प्रती, घेऊन बसलाय, तो सगळं खातो. काढून टाका. जुना आहे, जाडा आहे, सीझनमध्ये परवडत नाही.

मी त्यांना आप्पांच्या पंख्याची गोष्ट सांगितली.

आप्पा नवे नवे आले तेव्हा उधन्याला एका खोलीत राहायचे. एका खोलीत डझनभर माणसं, निम्मी दिवसपाळीची, निम्मी रातपाळीची. छताला एक पंखा. होळीला जो तो गावी जायचा आणि पारावर बसून सांगायचा, "मना खोलीमा पंखा शे." खोटं कोणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या खोलीत पंखा होताच. पण गावातल्या म्हाताऱ्यांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि सुरतेला गेलेल्या पोरांचे बारा पंखे झाले. त्या बारा पंख्यांवर म्हणे दोन-तीन सोयरिकीही जुळल्या. नवऱ्या मुली सुरतेला आल्या तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि मग आपापल्या नवऱ्याकडे बघितलं.

'रेस' हा तसला रकाना आहे. प्रोग्राम प्रत्यक्ष मेमरीत किती जागेवर बसलाय ते तो सांगतो, पण त्यातली पुष्कळ जागा सामायिक असते. मेमरीचं एकच पान दहा जण वाचत असतात आणि दहाही जणांच्या नावावर ते पुरतं लागतं. त्याच्या शेजारचा 'व्हर्ट' हा रकाना तर अजून फुगीर. तिथं नुसतं मागून ठेवलेलंही धरतात. आप्पा कसे, नवं कपाट आलं की "वरला कप्पा मना" म्हणून मोकळे व्हायचे आणि कप्पा वर्षभर रिकामा राहायचा, तसं. जिग्नेशभाई हसले, पण त्यांचं बोट बेरजेवरून हललं नाही. "तो साचुं केटलुं?" त्यांनी विचारलं. खरं किती?

खरं किती, हे विचारायची जागा निराळी आहे. 'प्रोक' नावाचं एक फोल्डर असतं. डिस्कवर त्याचं काहीच नसतं. आपण उघडून विचारलं की कर्नल त्या क्षणी उत्तर लिहून देतो. तिथं प्रत्येक प्रोग्रामच्या मेमरीचा बारीक तपशील मिळतो. त्यात एक आकडा 'पीएसएस'. सामायिक पान जितक्या जणांचं, तितके त्याचे वाटे करायचे आणि ज्याला त्याला त्याच्या वाट्याचं लावायचं. बारा जणांचा एक पंखा, तर प्रत्येकाच्या नावावर पंख्याचा बारावा हिस्सा. या रकान्याची बेरीज मात्र जुळते. आणि दुसरा एक आकडा, निव्वळ खाजगी जागेचा. ज्याला दुसरं कोणी शिवत नाही, प्रोग्राम बंद केला तर खरोखर मोकळी होईल तेवढीच.

हा दुसरा आकडा मी साठ्याच्या त्या बदनाम कुटुंबाचा काढला. एकेका पिल्लाचा निघाला अगदी चिमूटभर. त्यातलं एक मारलं तर काहीही सुटणार नव्हतं. उलट, वाटेकरी एक कमी झाला म्हणून उरलेल्यांच्या नावावरचा वाटा तेवढा वाढला असता. हे मला त्या दुपारी नीट कळलं, आणि बसमधून भेस्तानला येईपर्यंत मी खिडकीला डोकं टेकवून त्याचाच विचार करत होते. मला वाटलं, घरी सांगायला काहीतरी मिळालं.

रविवारी भाऊने मिलमधून टेप आणली होती. पाळणा कुठं बसेल ते मोजायला. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजून झालं आणि मग तो हळूहळू विषयावर आला. आप्पांची खाट, आप्पांचं कपाट, आप्पांचा टीव्ही, आप्पांची गॅलरी. बोलताना एकेक बोट मिटत गेलं. आप्पा त्यांच्या खाटेवर आमच्या समोरच बसले होते, पण आम्ही आवाज खाली घेतला होता. त्यांना ऐकू येत नाही म्हणून घरातल्या सगळ्या अवघड गोष्टी आम्ही त्यांच्यासमोर बोलायचो.

"गावी खोली आहे, वीज आहे," भाऊ म्हणाला. "त्यांना तिथं मोकळं वाटेल. आपण दर महिन्याला जाऊ."

"दर महिन्याला कोण जातंय?" आई म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

मी म्हटलं, "भाऊ, तू मोजतोस ते चुकीचं आहे." आणि सांगायला लागले. ती खाट आप्पांची खरी, पण दिवसभर तिच्यावर वहिनीची पोटली असतात. संध्याकाळी मी तिथंच लॅपटॉप घेऊन बसते. टीव्हीवर आईच्या मालिका चालतात. गॅलरीत सगळ्यांचे कपडे वाळतात. या सगळ्या जागा तू पुरत्या आप्पांच्या नावावर लावल्यास.

"ताई, तुमच्या कंपनीतलं घरात आणू नका," वहिनी म्हणाली. तिच्या हातात साडी होती. घरबसल्या साडीवर टिकल्या चिकटवायचं काम ती करायची, सीझनला ते दुप्पट व्हायचं. आमच्या घरी पोटल्यांना कधी खंड नसतो. खरं सांगायचं तर त्या दिवसांत घरात जी वाढत होती ती पोटलीच. सकाळी कोपऱ्यात असायची, दुपारी खाटेवर चढायची, संध्याकाळी दार उघडायला जागा उरायची नाही. कारखान्यातही शेवटी तेच निघालं होतं. दोषी साठ्याचा प्रोग्राम नव्हताच. गिऱ्हाइकांना साडीचा रंग पडद्यावर दाखवणारा एक लहानसा प्रोग्राम होता, तो सकाळी शेळीसारखा असायचा आणि तासातासाला फुगत जायचा. पण ऑर्डरी त्याच्यामुळे येत होत्या. त्याला कोण हात लावणार? रोज जेवणाच्या सुट्टीत त्याला बंद करून पुन्हा चालू करायचं, एवढाच उपाय ठरला. आणि बाळंतपणासाठी हातात काही असावं म्हणून वहिनी ज्या पोटल्यांवर डोळे फोडत होती, त्यांना तरी कोण बोलणार? मग बोट राहिलं ते आप्पांकडेच.

तेवढ्यात आप्पा बोलले. नेहमीच्या, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"मनी, मी गया त कितली जागा मोकयी व्हई?"

आईच्या हातातलं सूप थांबलं. आम्ही सगळे जे विसरलो होतो ते तिला तेव्हा आठवलं असावं. मागाच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाचा शब्द कानावर पडत नाही. तिथं माणसं ओठ बघून बोलतात. अख्खा जन्म आप्पा असेच बोलले होते. त्यांच्यासमोर आवाज खाली घेऊन काही उपयोग नव्हता, तोंड फिरवायला हवं होतं. इतकी वर्षं आम्ही त्यांच्याकडे तोंड करून कुजबुजत आलो होतो. त्यात काय काय बोललो असू, याची मी अजून मनातल्या मनात यादी करते आणि अर्ध्यात सोडून देते.

प्रश्न त्यांनी मला विचारला होता, कारण मोजायचं मीच काढलं होतं. आणि माझ्याजवळ उत्तर तयार होतं. मोठ्या आवेशात मी बोटांवर मोजून दाखवलं. "काहीच नाही आप्पा. तुमची एक ट्रंक, एक उशी आणि दारामागची एक खुंटी. बस, एवढंच सुटेल." मला वाटलं मी खटला जिंकला. भाऊ टेप गुंडाळायला लागला, वहिनीने साडी पुन्हा पुढे ओढली.

आप्पांनी दाराकडे बघितलं. खुंटीवर त्यांची टोपी होती.

"एवढंच शे मनं आठे?" ते म्हणाले. आणि हसले.

एकच आकडा. मी त्याच्यातून वाचत होते की तुमची कोणाला अडचण नाही. ते वाचत होते की इतक्या वर्षांत आपलं इथं काही झालं नाही. मला त्यांचा वाटा सांगायचा होता, आणि मी सांगितली ती नुसती खाजगी जागा. सामायिक पानं त्यांचीही होती, आधी त्यांनीच आणलेली होती, हे वाक्य मला त्या वेळी सुचलं नाही. दसऱ्याच्या आधी ते नवापूरमार्गे जाणाऱ्या एसटीत बसून गेले. कोणी पाठवलं नाही. भाऊ तर स्टँडवर रडला. ट्रंक, उशी, टोपी. खुंटी तेवढी राहिली.

आणि मग जागा? जागा कुठली. खाटेवर पोटली आली, ती खाली उतरलीच नाहीत. उलट घरात काहीतरी जड झालं. नळाला पाणी पहाटे यायचं ते आप्पा भरायचे. आता कोण उठणार यावरून रोज सकाळ नासायला लागली. गॅसवाला आला की दार उघडायला घरात माणूस नाही. आई दुपारी मालिका बघता बघता मधेच टीव्ही बंद करायची, म्हणायची, एकटीने काय बघायचं. प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं जास्त आलं. कोणाच्या लक्षात यावं एवढं नाही, पण सगळे चिडखोर झाले. पाळणा शेवटी आईच्या खोलीत बसला, जिथं तो तसाही बसला असता.

नवीन पोरं कारखान्यात कामाला येतात तेव्हा त्यांची पहिली धावपळ ठरलेली. 'फ्री' ही आज्ञा मारतात, मोकळी मेमरी जवळजवळ शून्य दिसते आणि घाम फुटतो. मी त्यांना शेजारचा रकाना दाखवते, 'अव्हेलेबल'. लिनक्स मेमरी रिकामी ठेवतच नाही. रिकामी ठेवून काय करायची? लागतील अशा फायली तिथं मांडून ठेवतो, आणि कोणी जागा मागितली की मुकाट्याने आवरून देतो. हे समजावताना मला प्रत्येक वेळी भेस्तानचं घर दिसतं. त्या घरात मोकळी जागा कधीच नव्हती. तरी गावाकडून लग्नाला पाचजण आले की पाचांची अंथरुणं पडायची. कशी पडायची देव जाणे. मोकळं काही नव्हतं, पण मागितलं तर मिळायचं. त्या रविवारी टेप धरून आम्ही चुकीचा रकाना वाचत होतो, आणि आप्पांनी मागितलंही नाही.

यंदा गणपती उठले, पोटली आली, आणि माझी येरझार सुरू झाली. धनू आता बालवाडीत जाते. एका संध्याकाळी वहिनीने खाटेवरची पोटली एकटीने उचलून गॅलरीत नेली. मी विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, "ताई, आप्पांना घेऊन या. मला पहाटे उठवत नाही." मग थोड्या वेळाने, साडीकडे बघत, "आणि ही पोरगी दिवसभर कोणाशी बोलेल?" भाऊ जेवत होता. त्याने मान हलवली आणि भात मागितला.

आप्पांची गावची खोली पत्र्याची आहे. मी गावी पोचले तेव्हा ते दारातच बसले होते. मला बघून उठले, आत जाऊन चहा टाकला, माझ्या नोकरीचं विचारलं, जिग्नेशभाईंचंही विचारलं. नावं सगळी त्यांच्या लक्षात आहेत. मी म्हटलं, चला. त्यांनी हात हलवला.

"आठे बरं शे. पंखा बी मना एकलाना शे." वर बघून ते म्हणाले. पंखा नवा होता, भाऊने बसवून दिलेला, चांगला फिरत होता. "पन रातले बंद करी देस. एकलाले गार लागस."

मला रडू आलं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी तोंड फिरवणार होते. पण फिरवलं नाही. त्यांच्यासमोर बसले, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि मागावरची माणसं बोलायची तसं, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हटलं, "घरी चला आप्पा. घर तुमचंही आहे."

त्यांनी माझे ओठ वाचले. मग गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं,

"मनी खुंटी रिकामी शे का?"

हो म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "नाही. धनूचं दप्तर असतं तिच्यावर."

"जड शे का दप्तर?"

"नाही. एक डबा आणि एक पाटी."

"मंग मनी टोपी बी राही," आप्पा म्हणाले, आणि उठून त्यांनी पंखा बंद केला.